टपातल्या मोरीचा हिशेब : मत्स्यव्यवसाय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मत्स्यव्यवसाय व बंदरे मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या मुशी, पाकट आणि संरक्षित माशांची जातवार नोंद होण्याबाबत.

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये मिरकरवाडा दोनदा राज्यभर गाजला. महिन्याच्या ९ तारखेला अनधिकृत मासेमारीवर नजर ठेवण्यासाठी कोकण किनाऱ्यावर ड्रोन उडू लागले आणि ते जिथून उडणार त्या ठिकाणांत मिरकरवाड्याचं नाव होतं. महिना संपायच्या आत बंदराच्या जागेवरची अतिक्रमणं यंत्रं लावून हटवली गेली. दोन्ही कारवायांवरून रत्नागिरीत वाद झाले, आजही होतात. पण खात्याने मनावर घेतलं तर मिरकरवाड्यात काम होतं, एवढं त्या महिन्याने दाखवून दिलं. हे पत्र त्याच भरवशावर आहे.

मागणी ड्रोनइतकी खर्चिक नाही. या धक्क्यावर उतरणारी प्रत्येक मुशी, पाकट आणि गिटारफिश कोणत्या जातीची आहे, केवढी आहे, याची रोज नोंद व्हावी. आणि कायद्याने संरक्षण दिलेला मासा जाळं कापून सोडणाऱ्या माणसाला त्याचे पैसे विनाविलंब मिळावेत.

पहाटे बोटी धक्क्याला लागल्या की बांगडा, बळा, म्हाकूल, कोळंबी यांची टपं वेगवेगळी होतात. सुरमई, पापलेट यांच्याभोवती खरेदीदार जमतात. मुशी आणि पाकटं कडेला पडलेली असतात. हातभर लांबीची सोनमुशी, दोन्ही बाजूंना डोकं पसरलेली कानमुशी, अजून धड वाढ न झालेली दुसरी एखादी पिलं, सगळं एकाच ढिगात पडतं आणि ‘मोरी’ म्हणून एकाच बोलीत जातं. बोली संपली की सुरी चालते. मुंडकं, पर आणि शेपूट उतरल्यावर ती कोणती जात होती हे शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या प्राध्यापकालाही नुसत्या नजरेने सांगणं अवघड जाईल.

या मोरीची गोष्ट नीट कळायची तर आधी थोडं हत्तीकडे जावं लागतं.

जुलै २०२५ च्या अखेरीस नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशाने गुजरातेत ‘वनतारा’ या प्राणी केंद्रात नेली गेली आणि कोल्हापूर जिल्हा पेटून उठला. नांदणीहून कोल्हापुरात मूक मोर्चा आला, सह्यांच्या मोहिमा झाल्या, ‘वनतारा’ ज्या उद्योगसमूहाचं आहे त्याची मोबाइल सेवा लोकांनी सोडली. त्या वादात कोणाची बाजू खरी हा या पत्राचा विषय नाही. एका हत्तिणीसाठी भर पावसाळ्यात हजारो माणसं रस्त्यावर येतात, हे मात्र सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. दोडामार्गात २००२ साली कर्नाटकातून रानहत्ती उतरले, तेव्हापासून सिंधुदुर्गातल्या हत्तीची प्रत्येक हालचाल वर्तमानपत्रात छापून येते. हत्ती कुठे गेला, कोणाच्या बागेत शिरला, किती माड पाडले, सगळं कळतं.

हत्तीवर जे संकट आलं, तेही जगाला कळलं ते मोजणीमुळे. आफ्रिकेतल्या १८ देशांवर विमानं फिरवून सव्हानातले हत्ती मोजले गेले, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ३,५२,२७१ हत्ती भरले, आणि २००७ ते २०१४ या सात वर्षांत ते ३० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. मोठं कारण एकच, हस्तिदंतासाठी शिकार. आपल्याकडे ही शिकार आणखी विचित्र पद्धतीने भोवली. आशियाई हत्तीत मोठे सुळे फक्त नराला असतात, त्यामुळे शिकारी नरच निवडून मारत. केरळच्या पेरियारमध्ये एक वेळ अशी आली की शंभरेक माद्यांमागे एखादा मोठा नर उरला. कळप लांबून पाहिला तर भरलेला दिसे, आतून तो पोकळ झालेला होता. हे कळलं, कारण कोणीतरी नर-मादी वेगळे मोजत होतं.

मोजणीनंतर बाजाराला हात घातला गेला. भारताने १९८६ मध्ये देशातल्या हस्तिदंताचा व्यापार बंद केला, १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंताचीही वाट अडवली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदीचा निर्णय झाला. १९९२ पासून ‘प्रोजेक्ट एलिफंट’ चालू आहे. चीनने २०१७ च्या अखेरीस आपल्या देशातला हस्तिदंताचा कायदेशीर बाजार बंद केला. हस्तिदंताचा तस्कर वीरप्पन २००४ मध्ये मारला गेला, त्याची बातमी मोठी झाली. पण एका वीरप्पनच्या मरण्याने हत्ती वाचत नसतो. माल विकत घेणारा गेला की तो वाचतो. कर्नाटकाने २०२३ मध्ये आपले हत्ती मोजले, ६,३९५ भरले. उद्या ते पाच हजारांवर आले तर बंगळुरूत आणि दिल्लीत प्रश्न विचारले जातील.

मिरकरवाड्यासमोरच्या समुद्रात किती कानमुशी आहेत? किती बहिरी, म्हणजे व्हेल शार्क? दहा वर्षांपूर्वी किती होत्या? विधिमंडळात उद्या हा प्रश्न आला तर खात्याकडे द्यायला आकडा नाही.

मुशी आणि हत्ती यांचं साम्य ओढूनताणून आणलेलं नाही. हत्तीण सुमारे २२ महिने गाभण असते, एका वेळी एकच पिल्लू होतं, पुढचं व्हायला चार-पाच वर्षं जातात. समुद्रातल्या मोठ्या मुशी आणि पाकटांचं जगणं याच चालीचं आहे. मांटा जातीचं मोठं पाकट दोन-तीन वर्षांतून एकदा, तेही एकच पिल्लू देतं. कानमुशीची मादी वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं घेते. बहिरी हा जगातला सर्वांत मोठा मासा, त्याला वयात यायला सुमारे पंचवीस-तीस वर्षं लागतात. उलट बांगडा वर्ष-दीड वर्षात अंडी घालायला तयार होतो आणि एक मादी हजारोंनी अंडी सोडते. तारलीचंही तसंच. एका वर्षी बांगडा कमी आला तर दोन चांगल्या हंगामांत तो परत येऊ शकतो. मारलेली कानमुशी परत यायला एका माणसाचं अर्धं तारुण्य जातं.

खात्याचा सगळा हिशेब बांगड्याचा आहे. पावसाळ्यात १ जूनपासून दोन महिने बंदी, पर्ससीन जाळ्यांच्या परवान्यांवर मर्यादा, लहान माशांसाठी किमान आकार, हे सगळं भरपूर अंडी घालणाऱ्या माशाला उपयोगी पडतं. मोठ्या मुशीचा गर्भकाळच वर्षभरापर्यंत चालतो, तिला दोन महिन्यांच्या बंदीने फार काही मिळत नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात अनेक जातींची पिलं वाढतात आणि ट्रॉलरचं जाळं नेमकं तिथूनच जातं.

जगभरातलं चित्र २०२१ मध्ये आकड्यांत आलं. खुल्या समुद्रात फिरणाऱ्या मुशी आणि पाकटांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटली, असं त्या वर्षी ‘नेचर’मधल्या अभ्यासाने दाखवलं. त्याच वर्षी आणखी एका जागतिक पाहणीत मुशी-पाकटांच्या एक तृतीयांशाहून अधिक जाती नामशेष होण्याच्या वाटेवर असल्याचं निघालं. कारण दोन्हीकडे मासेमारी. मुशी पकडणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक वरचा आहे. कोकणात तिला शोधत फार थोडे जातात, ती दुसऱ्या माशासाठी टाकलेल्या जाळ्यात येते. पण आल्यावर ती टाकून दिली जात नाही, विकली जाते.

करवत माशाचं उदाहरण तर डोळ्यांदेखतचं आहे. लांबलचक, दोन्ही कडांना दाते असलेलं त्याचं नाक जाळ्यात हटकून अडकतं, त्यामुळे जाळं नायलॉनचं झालं तेव्हापासून त्याच्या सुटकेची आशाच संपली. जुन्या तांडेलांना तो आठवतो, नव्यांनी फक्त ऐकलेला असतो. २०२० च्या सुरुवातीला सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर शेकडो किलोंचा एक करवत मासा आला आणि त्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरले. लोकांनी नवल म्हणून पाहिले. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव वाघाच्या आणि हत्तीच्या बरोबरीने आहे, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत होतं?

आता कायद्याची गोष्ट. ती शिकण्यासारखी आहे, कारण चूक कुठे झाली ते तिच्यात दिसतं.

गुजरातेत वेरावळच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस बहिरीची मोठी शिकार चाले. गळ टोचून त्याला पिंपं बांधायची, पिंपं पाण्यावर तरंगत राहिली की मासा खोल जाऊ शकत नसे आणि दमून मरे. यकृतातलं तेल लाकडी होड्यांना लावत, मांस आणि पर परदेशी जात. माइक पांडे यांच्या ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ या माहितीपटाने ही शिकार जगापुढे आणली. मे २००१ मध्ये केंद्र सरकारने बहिरीला पहिल्या अनुसूचीत घातलं. हे संरक्षण मिळालेला तो भारतातला पहिला मासा. एवढ्यावर न थांबता त्याच वर्षी जुलैत सरकारने सगळ्याच मुशी आणि पाकटांना त्या यादीत टाकलं. म्हणजे रोज धक्क्यावर येणारी सोनमुशीही एका रात्रीत वाघाच्या रांगेत बसली. मच्छीमारांनी देशभर विरोध केला आणि तो बरोबर होता. डिसेंबरात सरकारला माघार घ्यावी लागली, यादी मोजक्या जातींवर आली. पुढे २०२२ च्या दुरुस्तीने ती पुन्हा लांबली आणि आणखी काही मुशी-पाकटं तिच्यात आली.

या सगळ्यात यादी बदलत राहिली, पण ती धक्क्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था बदलली नाही. रात्री तीन वाजता, पंधरा वाव पाण्यात, डेकवर ओतलेल्या मासळीतून कोणतं गिटारफिश संरक्षित आणि कोणतं नाही हे ओळखण्याची अपेक्षा कायदा खलाशाकडून करतो. मिरकरवाड्याच्या बोटींवरचे खलाशी कर्नाटकातून येतात, नेपाळहून येतात. अनुसूची त्यांना वाचून कोणी दाखवली? ओळखलं तरी पुढे काय, हाही प्रश्नच. मासा मेलेला असेल तर तो आणणं गुन्हा, फेकणं नुकसान, आणि सांगितलं तर चौकशी. माणूस सांगणार नाही, मुंडकं कापून टाकेल. अशाने कायद्याचा धाक मासा वाचवत नाही, त्याची नोंद तेवढी पुसून टाकतो.

आणखी एक गोम आहे. मासा आपल्या खात्याचा. तोच मासा अनुसूचीत गेला की वन खात्याचा. बंदरावर मत्स्यव्यवसाय खात्याचा परवाना अधिकारी असतो, त्याच्याकडे सागरी मासेमारी नियमन कायदा आहे. वन्यजीव कायदा ज्याच्याकडे आहे तो वनपाल बिबट्या विहिरीत पडला, साप घरात आला, अशा कामांत जमिनीवर गुंतलेला असतो. धक्क्यावरच्या टपात कानमुशीचं पिल्लू पडलेलं असतं तेव्हा ते दोघांचं असतं आणि म्हणून कोणाचंच नसतं.

एलईडी दिवे आणि पर्ससीन जाळी यांच्यावरच्या लढाईत गेली दहा वर्षं सरकारचा आणि मच्छीमारांचाही सगळा जोर गेला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला हंगाम आणि हद्द ठरली. १० नोव्हेंबर २०१७ ला केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने एलईडीसाठीचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत गेला. पारंपरिक मच्छीमारांनी यासाठी उपोषणं केली, मोर्चे काढले, समुद्रात बोटी अडवल्या. ही लढाई खरी आहे आणि संपलेली नाही. पण तिचा प्रश्न ‘मासा कोणी धरायचा’ हा आहे. ‘कोणता मासा संपतोय’ हा प्रश्न त्या गदारोळात मागे राहिला. ड्रोनला बोटीवरचा दिवा दिसतो, तिचा नंबर दिसतो. टपात काय आहे ते त्याला दिसत नाही. ते धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं.

आणि पैसा कुठे आहे, तेही पाहावं लागेल. मोरीचं मांस इथेच खपतं. कोकणात बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी देतात, मोरीचं कालवण घराघरांत होतं, गोव्यातल्या हॉटेलांत पर्यटकांसाठी लहान मोरीला मागणी असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं आहे. पण खरा भाव परांना. हाँगकाँग, चीन, सिंगापूर इथे त्यांचं सूप होतं आणि गिटारफिशच्या जवळच्या जातींचे पर सर्वांत महाग जातात. केंद्राने ऑगस्ट २०१३ मध्ये पर कापून धड समुद्रात फेकण्यावर बंदी घातली आणि ६ फेब्रुवारी २०१५ रोजी परांची निर्यात पूर्ण थांबवली. कागदावर व्यापार संपला. सप्टेंबर २०१८ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शिवडीला आणि गुजरातेत वेरावळला छापे घातले तेव्हा ८,००० किलो पर हाती लागले. चीन आणि हाँगकाँगला चाललेला माल. एवढ्या परांसाठी हजारो मुशी मारल्या गेल्या असणार. २०१० ते २०२२ या काळात देशात जवळजवळ १६,००० किलो पर जप्त झाले, म्हणजे त्यातला अर्धा माल त्या एकाच कारवाईतला होता.

शिवडीच्या गोदामातले ते पर कोणत्या धक्क्यांवरून आले? वेरावळ, मुंबई, कोकण, मलबार? जातवार आणि बंदरवार नोंद असती तर हे उत्तर जप्तीच्या दुसऱ्या दिवशी मिळालं असतं. अमुक बंदरात अमुक इतक्या मुशी उतरल्या, मांस बाजारात गेलं, मग पर कुठे गेले, असा साधा सवाल विचारता आला असता. हत्तीच्या बाबतीत तो विचारता येतो. जंगलात मेलेल्या हत्तीचे सुळे नोंदवून वन खात्याच्या ताब्यात जातात, नाही गेले तर कोणाला तरी जाब द्यावा लागतो. मुशीच्या परांचा जाब विचारणारा कोणी नाही. पकडला गेलाच तर खलाशी सापडेल. दहा बंदरांवरून पर गोळा करणारा व्यापारी सापडणार नाही.

मंत्रिमहोदय, हे सगळं वाचून बंदीचा आदेश काढावा असं वाटलं तर तो काढू नका. २००१ ची बंदी पाच महिनेही टिकली नाही. सोनमुशी लवकर वाढते, लवकर वयात येते, तिची मासेमारी शिस्तीने केली तर चालू राहू शकते. तिच्यावर बंदी आली तर मिरकरवाड्यातल्या दालदी मच्छीमार कुटुंबांचं आणि टोपल्या घेऊन बाजारात बसणाऱ्या बायकांचं नुकसान होईल, आणि कानमुशी वाचणार नाही ती नाहीच. सोनमुशी वेगळी आणि कानमुशी वेगळी हे पावतीवर दिसलं पाहिजे, मागणी एवढीच आहे.

किनाऱ्यावरची माणसं प्राणी वाचवतात, याचे दाखले शेजारीच आहेत. वेरावळला बहिरी वाचला तो नुसत्या कायद्याने नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडियाने मोहीम सुरू केली, मोरारीबापूंनी व्यासपीठावरून त्याला ‘व्हाली’ म्हटलं, माहेरी बाळंतपणाला आलेली लेक. पोरबंदर, द्वारका, वेरावळ अशा गावांनी त्याला आपलं मानलं. जाळं कापून मासा सोडला तर जाळ्याचे पैसे मिळू लागले. जे बहिरीला पिंपं बांधत होते त्याच किनाऱ्याच्या लोकांनी पुढच्या वर्षांत शेकडो बहिरी सोडले.

रत्नागिरी जिल्ह्याला तर गुजरातकडे पाहायचीही गरज नाही. २००२ च्या सुमारास चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. तोवर ही अंडी खाल्ली जात, विकली जात. गावकरी सामील झाले, वन खातं आलं, कासव महोत्सव सुरू झाला, घरोघरी पाहुणे उतरू लागले. २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’, आंजर्ल्याला ‘सावनी’ आणि गुहागरला ‘वनश्री’सारख्या कासवांच्या पाठीवर उपग्रह यंत्रं बसली. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली, हे घरबसल्या मोबाइलवर दिसलं. ज्या जिल्ह्यात एका कासविणीचा हजारो किलोमीटरचा प्रवास माहीत असतो, त्याच जिल्ह्याच्या मुख्य बंदरात काल किती कानमुशी कापल्या गेल्या हे माहीत नसतं.

भरपाईची योजनाही महाराष्ट्रात आहे. डिसेंबर २०१८ पासून कांदळवन प्रतिष्ठानच्या मार्फत संरक्षित प्राणी सोडताना फाटलेल्या जाळ्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मिळते. कासव, बहिरी, मोठं गिटारफिश अशा प्राण्यांना कोकणातल्या मच्छीमारांनी जाळी कापून सोडलं आहे, त्याचे फोटो आणि व्हिडिओ काढून पाठवले आहेत. योजना चांगली आहे. पण २०१८ चे २५,००० आणि आजचे २५,००० सारखे नाहीत, आणि मोठं जाळं त्यात बसत नाही. शिवाय बहिरी अडकला तर नुसतं जाळं जात नाही, त्या दिवसाची मासेमारी जाते, डिझेल जातं, बर्फ जातो. ज्याने हे सगळं सोसून मासा सोडला त्याला अर्ज घेऊन हेलपाटे घालावे लागले तर पुढच्या वेळी तो सुरी जाळ्यावर चालवायची की माशावर, याचा विचार करेल.

म्हणून या पत्रातल्या मागण्या एका पानावर मावतील एवढ्याच आहेत.

पहिली, नोंद. मिरकरवाड्यात रोज उतरणारी मुशी, पाकटं आणि गिटारफिश यांची जात, लांबी आणि नर-मादी लिहून घेणारी दोन-तीन माणसं पहाटे धक्क्यावर असावीत. ती बाहेरून आणायची गरज नाही. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला १९५८ पासून सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. दोन्ही संस्था बंदरापासून रिक्षाच्या अंतरावर. विद्यार्थ्यांना यातून प्रबंध मिळतील, खात्याला आकडे मिळतील. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशभर नमुना पद्धतीने अंदाज काढते आणि त्याचा उपयोग मोठा आहे. पण जो मासा वर्षातून चारदा येतो तो नमुन्याच्या दिवशीच येईल असं नाही. दुर्मिळ माशासाठी रोजच उभं राहावं लागतं.

दुसरी, अभय. संरक्षित जातीचा मासा चुकून जाळ्यात आला, मेला आणि बोटीच्या मालकाने तो स्वतःहून दाखवला, तर त्याच्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी व्यवस्था वन खात्याशी बोलून करावी. मासा नोंदवून जप्त करावा, माणसाला घरी जाऊ द्यावं. दडवलेला मासा सापडला तर मात्र सवलत नको.

तिसरी, पैसे. भरपाईची मर्यादा वाढवावी, अर्ज बंदरातल्याच परवाना कार्यालयात घ्यावा आणि रक्कम ठरलेल्या मुदतीत खात्यावर जमा करावी. योजनेची माहिती मराठीबरोबर कन्नड आणि नेपाळीतही, माशांच्या चित्रांसह धक्क्यावर लावावी.

चौथी, पर. वाळवलेले पर साठवणारी आणि नेणारी जी गोदामं, गाड्या आहेत, त्यांची तपासणी पोलीस, सीमाशुल्क आणि वन खातं यांनी मिळून करावी. धक्क्यावरच्या खलाशाला धरून दाखवलेला आकडा मोठा दिसतो, पण त्याने व्यापार थांबत नाही.

मिरकरवाड्याच्या दुसऱ्या टप्प्याच्या विकासाची कामं आपल्याच खात्याच्या हाती आहेत. लिलावगृह, जेटी, बर्फ, रस्ते यांचे आराखडे होत असताना त्यात एक टेबल, एक वजनकाटा, एक मोजपट्टी आणि दोन माणसांची जागा घालणं अवघड नाही. एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला. शेताचा सातबारा असतो, त्यावर पीकपाण्याची नोंद असते. दर्जा शेतीचा मिळाला असेल तर समुद्रातल्या पिकाचीही जातवार नोंद असावी, हे त्याच निर्णयाचं पुढचं पाऊल आहे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी बोटी समुद्रात जातील त्याआधी हे टेबल मिरकरवाड्यात मांडलं जावं. वर्षभराने त्यावरचे आकडे विधिमंडळात ठेवावेत, मग ते कितीही वाईट निघोत. मिरकरवाड्यात जमलं तर साखरीनाटे, हर्णै, देवगड आणि मालवण इथेही ते करावं. आणि या पत्राचं उत्तर आपण द्यालच, तर ते आश्वासनाचं नसावं. नोंद कोणत्या तारखेपासून सुरू होणार, ती तारीख त्यात असावी.

कळावे,

एक रत्नागिरीकर